श्नाबेल यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या बीथोव्हेनच्या पियानो सोनाटा

ऑस्ट्रियन परंपरेतील पियानोवादक आर्टुर श्नाबेल (१८८२–१९५१) यांनी १९३२ ते १९३५ या काळात लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत लुडविग व्हान बीथोव्हेन यांच्या बत्तीस पियानो सोनाटा ध्वनिमुद्रित केल्या. एकाच वादकाने हा संपूर्ण संच ध्वनिमुद्रित केल्याचे हे पहिले उदाहरण होय.

पियानो सोनाटा ही बहुधा तीन किंवा चार भागांची, पूर्णपणे स्वरलिपीबद्ध रचना असते. ख्यालाप्रमाणे तिच्यात उपज नसते. मात्र लय, स्वराघात, विराम आणि नादाचे वजन यांबाबत वादकाला बरेच स्वातंत्र्य असते. म्हणूनच एकच सोनाटा दोन वादकांकडून ऐकताना निराळी भासते.

पार्श्वभूमी

श्नाबेल यांनी १९२७ मध्ये, बीथोव्हेनच्या स्मृतिशताब्दीनिमित्त, बर्लिनमध्ये सर्व सोनाटा वाजवल्या होत्या. ध्वनिमुद्रणाला मात्र त्यांनी अनेक वर्षे नकार दिला. प्रत्येक वादन वेगळे असते, ते एकाच रूपात गोठवू नये, अशी त्यांची धारणा होती. त्यांचे मन वळवले ते हिज मास्टर्स व्हॉइसच्या फ्रेड गाइसबर्ग यांनी. (१९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचे गायन ध्वनिमुद्रित करणारे ते हेच.) खर्चाची तरतूद वर्गणीदारांकडून आगाऊ रक्कम घेऊन करण्यात आली. काम चालू असतानाच, १९३३ मध्ये, नाझी सत्तेवर आले आणि ज्यू असलेल्या श्नाबेल यांनी बर्लिन कायमचे सोडले.

तबकडीची मर्यादा

त्या काळच्या बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे साडेचार मिनिटांचेच संगीत मावत असे. आपल्याकडील गायकांनी त्याच सुमारास तीन-साडेतीन मिनिटांत राग मांडण्याची स्वतंत्र कला घडवली. अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या त्याची साक्ष देतात. लिखित सोनाटा अशी आटोपशीर करता येत नाही, ती तोडावीच लागते. ओपस १११ चा दुसरा भाग वाजत असताना श्रोत्याला तीन-चार वेळा उठून तबकडी उलटावी वा बदलावी लागे. वादकालाही प्रत्येक तुकडा थांबून, पुन्हा त्याच मनःस्थितीत शिरून वाजवावा लागे. आजच्या पुनर्मुद्रणांत हे तुकडे जोडलेले असल्याने ती अडचण सहसा जाणवत नाही.

चुकलेले स्वर

चुंबकीय फीत तेव्हा वापरात नसल्याने चूक कापून काढण्याची सोय नव्हती. संपूर्ण बाजू पुन्हा वाजवणे हाच उपाय होता. ओपस १०६ (‘हामरक्लाव्हियर’) च्या पहिल्या भागासाठी बीथोव्हेनने लिहून ठेवलेली द्रुत लय बहुतेक वादक सौम्य करून घेतात. श्नाबेल ती गाठू पाहतात आणि त्यांची बोटे अनेकदा घसरतात. हे स्वर स्पष्ट ऐकू येतात व त्यांवर टीकाही झाली आहे. परंतु त्या भागातील अनावर झेप सावध, निर्दोष वादनात क्वचितच उमटते, हेही नमूद केले पाहिजे.

ऐकताना

आरंभ ‘हामरक्लाव्हियर’ने करणे इष्ट नाही. ओपस १०९ किंवा १११ मधील संथ भाग आधी ऐकावेत. श्नाबेल यांची खरी थोरवी तेथे आहे. तबकडीच्या खरखरीला कान काही मिनिटांत सरावतो. खरखर पूर्णपणे पुसून टाकलेल्या आवृत्त्यांत पियानोच्या वरच्या स्वरांची झळाळीही अनेकदा पुसली जाते, त्यामुळे थोडी खरखर राखलेली आवृत्ती अधिक श्राव्य ठरते. तुलनेसाठी विल्हेल्म केम्फ यांचा १९६४–६५ मधील संच उपयुक्त आहे. त्यातील वादन अधिक शांत असून नाद स्वच्छ आहे.