पृथ्वी फिरते म्हणून परतीचं विमान लवकर पोचत नाही

मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमानाने जायला साधारण सोळा तास लागतात, परतताना दीड-दोन तास कमी. का, असं विचारलं की विमानतळावर सोडायला आलेल्यांपैकी कोणीतरी ठामपणे सांगतं, "पृथ्वी फिरते ना, म्हणून!" चांगली शिकलीसवरलेली माणसंही हेच सांगतात. हे कारण साफ चुकीचं आहे, आणि जरा विचार केला तर ते स्वतःच्याच विरुद्ध जातं.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमान तिच्यापासून सुटं होत असतं, तर न्यूयॉर्कच आपल्या दिशेने सरकत आलं असतं आणि जातानाचा प्रवास छोटा झाला असता. घडतं नेमकं उलटं. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे 1,580 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाते. मग जुहूवर तासभर एकाच जागी तरंगत राहिलेलं हेलिकॉप्टर खाली उतरेल तेव्हा ओमानचा किनारा यायला हवा! ते जुहूलाच उतरतं, कारण जमीन, हवा आणि हेलिकॉप्टर तिन्ही बरोबरच फिरत असतात.

खरं कारण वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे प्रवासी विमानं उडतात त्याच थरात, जेट स्ट्रीम नावाचे वेगवान झोत पूर्वेकडे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग कधीकधी ताशी 300 किलोमीटरच्याही वर जातो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी 1920च्या दशकातच फुगे सोडून हे वारे मोजले होते. तरीही शंका असेल, तर फेब्रुवारी 2020 मधली नोंद पाहा: सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं. एरवी सहा तासांच्या वर लागतात. पृथ्वीचा वेग रोज तोच असतो, बदलतो तो वारा. पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे तो या वाऱ्यांना पूर्वेकडे वळवण्यात, विमानाखालून शहरं सरकवण्यात नाही.

विमान उगाच उत्तरेला वळसा घालतं, हाही समज सपाट नकाशामुळे होतो. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा: सुमारे 12,500 किलोमीटरची सर्वांत जवळची वाट नॉर्वे आणि आइसलंडवरून जाते. प्रत्यक्ष अंतर मात्र याहून जास्त भरतं. पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा तर खराखुरा वळसा पडला.

आणि रात्री 2 ला निघून सकाळी साडेआठला पोचलं म्हणजे साडेसहा तास, असा हिशेब कृपया करू नका. तिकिटावरच्या वेळा त्या त्या शहराच्या असतात. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा.