सुटलेला व्यायाम पुन्हा धरताना

दुर्गापूजेत व्यायाम सुटतो असं कोलकात्यातल्या बेहालात सगळेच म्हणतात, पण मला ते पटत नाही. पूजेच्या दिवसांत बेहाला उलट एरवीपेक्षा जास्त चालतं. बडिशा क्लब, बेहाला नूतन दल आणि गल्लीबोळांतले लहानमोठे मंडप बघत माणसं मध्यरात्र उलटेपर्यंत पायीच हिंडत असतात, कारण डायमंड हार्बर रोडवर गाड्या जागच्या हलत नाहीत. व्यायाम खरा सुटतो दशमीनंतर. विजयेच्या भेटी सुरू होतात आणि ज्या घरी जावं तिथे नारळाचे लाडू, निमकी आणि संदेशाची बशी पुढे येते. मग कोजागरीची लक्ष्मीपूजा, मग कालीपूजा, मग भाईफोटा म्हणजे भाऊबीज. तेवढ्यात थंडी पडते, नव्या गुळाचे पदार्थ आणि जयनगरचा मोआ बाजारात येतो. जानेवारीत कधीतरी मेट्रोचा जिना चढताना धाप लागते, आणि सकाळचं चालणं सुटून तीन महिने झाले हे तेव्हा कुठे ध्यानात येतं.

इथे बहुतेक जण एक चूक करतात. धाप लागली म्हणजे सगळं गेलं, आता पहिल्यापासून सुरुवात, असं धरून चालतात, आणि मग रागाच्या भरात पहिल्याच सोमवारी तासभर पळतात व रात्रीचं जेवण सोडतात. पण शरीरातलं सगळं एकाच वेळी जात नाही, आणि परतही एकाच वेळी येत नाही. कोणतं आधी जातं आणि कोणतं उशिरा येतं, एवढं कळलं तरी परतीची आखणी जमते.

सगळ्यात आधी घटतो तो रक्तातला पातळ भाग, म्हणजे रक्तद्रव. नियमित व्यायाम करणाऱ्याच्या शरीरात तो वाढलेला असतो. व्यायाम थांबला की पहिल्या एक-दोन आठवड्यांतच तो कमी होतो, हृदयाच्या एका ठोक्यात पूर्वीइतकं रक्त पुढे जात नाही आणि तेवढ्याच चालण्याला नाडी जास्त पडते. जिन्यातली पहिली धाप यातूनच सुरू होते. त्यापाठोपाठ स्नायूंची प्राणवायू वापरण्याची ताकद उतरते. नुसतं बळ मात्र बरंच टिकतं. तीन-चार आठवड्यांच्या खंडात त्यात फारसा फरक पडत नाही. म्हणून पिशवी उचलताना काही जाणवत नाही आणि जिना चढताना मात्र जाणवतं.

हे परत किती येतं, याचं मला सगळ्यात धीर देणारं वाटणारं उदाहरण अमेरिकेतल्या डॅलसचं आहे. १९६६ साली तिथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात पडून राहायला लावलं. तेवढ्यात त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्श्याहून जास्त घटली. नंतर सुमारे दोन महिन्यांच्या सरावात ती भरून आली. तीस वर्षांनी, पन्नाशीला टेकलेल्या त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा कळलं की तीस वर्षांच्या वयाने त्यांची जेवढी क्षमता नेली होती, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने नेली होती. मग सहा महिने हळूहळू वाढवत नेलेलं चालणं, धावणं आणि सायकल एवढ्यावर ते विशीतल्या आपल्या मूळ पातळीवर परत आले. माणसं पाचच होती, त्यामुळे त्यावरून सगळ्यांसाठी नियम काढता येणार नाही. पण पन्नाशीतही गाडी मागे वळवता येते, हे त्यांनी करून दाखवलं.

आता परतीतली खरी अडचण. दम लवकर परत येतो. दोन-तीन आठवड्यांतच चालणं हलकं वाटू लागतं. पण टाचेमागची शीर, गुडघ्याच्या वाटीखालचा पट्टा, तळपायाचा पडदा यांना रक्तपुरवठा कमी असतो आणि ते भाराला सावकाश सरावतात. त्यांना महिने लागतात. दम म्हणतो पळ, टाच म्हणते थांब, आणि आपण दमाचं ऐकतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ‘सगळं छान चाललं होतं आणि अचानक टाच धरली’ असं सांगणारे जे भेटतात, त्यांच्या बाबतीत बहुधा हेच झालेलं असतं. तेव्हा जोर येऊ लागला की आणखी थोडं आवरावं.

बेहालात अंतर मोजायला आता एक चांगली सोय झाली आहे. जोका ते तारातला या मेट्रोच्या टप्प्याचं उद्घाटन ३० डिसेंबर २०२२ रोजी झालं: साडेसहा किलोमीटर, सहा स्थानकं. म्हणजे दोन स्थानकांमध्ये सरासरी १.३ किलोमीटर. बेहाला चौरास्त्यापासून सखेरबाजारपर्यंत मेट्रोच्या खांबांच्या कडेने चालत गेलं की साधारण वीस मिनिटं होतात. पहिल्या आठवड्यात एक स्थानक चालत जायचं आणि परत यायला मेट्रो घ्यायची. दुसऱ्या आठवड्यात परतही चालत. तिसऱ्या आठवड्यापासून अंतर तेवढंच ठेवून मधे एखाद-दोन मिनिटं झपाझप चालायचं. वेग किती? शेजारच्याशी बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा. घड्याळातल्या आकड्यांपेक्षा सुरुवातीला ही खूण जास्त कामाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या बळाचे व्यायाम सांगितले आहेत. तिथे सहाव्या-सातव्या आठवड्यात पोचलं तरी उत्तम.

डिसेंबर-जानेवारीत एक पथ्य. थंड, निवांत हवेत धूर आणि धूळ जमिनीलगत साचून राहते, त्यामुळे कानटोपी घालून पहाटे पाचला मोठ्या रस्त्यावर जाण्यात मर्दुमकी नाही. ऊन वर आल्यावर जावं, नाहीतर गच्चीवर चालावं. आमच्याकडे गच्चीवर फेऱ्या घालणारी वयस्क मंडळी पुष्कळ आहेत आणि त्यांचं अगदी बरोबर आहे.

बळासाठी सामान काही लागत नाही. हात नसलेली लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे सरकणार नाही. तिच्या पुढच्या कडेवर बसा, पावलांत खांद्यांइतकं अंतर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. हात छातीवर बांधा, थोडं पुढे झुका आणि उठा. उठताना श्वास सोडा. खरं काम पुढे आहे: बसताना धपकन न बसता मनात तीन आकडे मोजत खाली या. खाली येताना स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, आणि बळ तिथेही वाढतं. पण दुखणंही तिथूनच येतं, म्हणून पहिल्या दिवशी आठ वेळा पुरे, मग दोन मिनिटं थांबून आणखी आठ. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतील. ते स्वाभाविक आहे, आणि पुढच्या खेपेला तेवढ्याच कामाने पुष्कळ कमी दुखतं. याउलट पहिल्याच दिवशी शे-दोनशे बैठका काढल्या आणि स्नायू सुजून लघवी काळ्या चहासारखी गडद झाली, तर घरगुती उपाय करत बसू नये. तातडीने डॉक्टर गाठावा, कारण तुटलेल्या स्नायूंमधला भाग मूत्रपिंडाला इजा करू शकतो.

हृदयाबद्दलही स्पष्ट बोलायला हवं, आणि बेहालात ते सौरव गांगुलीचं नाव घेतल्याशिवाय होणार नाही. बीरेन रॉय रोडच्या या मुलाने २००६ मध्ये कसोटी संघातून बाहेर पडल्यावर त्याच वर्षीच्या डिसेंबरात, चौतिसाव्या वर्षी, जोहान्सबर्गला पुनरागमन केलं आणि पहिल्या डावात नाबाद ५१ धावा काढल्या. खंडानंतर परतण्याचं इथल्या पोरांच्या तोंडी असलेलं उदाहरण तेच. पण २ जानेवारी २०२१ रोजी घरी व्यायाम करताना त्याच सौरवला छातीत त्रास झाला, हृदयविकाराचा सौम्य झटका निघाला, आणि त्या महिन्यात त्याच्यावर दोनदा अँजिओप्लास्टी झाली. वय ४८. तो काही आळशी माणूस नव्हता. व्यायाम करणाऱ्यालाही रक्तवाहिन्यांचा आजार असू शकतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं की जोराच्या श्रमानंतरच्या तासाभरात झटक्याचा धोका एरवी बसून असणाऱ्यांमध्ये कैक पटींनी वाढतो, तर आठवड्यातून पाच वेळा व्यायाम करणाऱ्यांमध्ये अडीच पटींच्या आसपासच. एकेका तासाचा धोका मुळात फार थोडा असतो, तेव्हा घाबरून घरी बसायचं कारण नाही. पण चाळिशी उलटलेली, घराण्यात हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर जोर वाढवण्याआधी तपासणी करून घ्यावी. छाती आवळणं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घाम, गरगरणं यांतलं काहीही झालं की तिथेच थांबावं आणि दवाखाना गाठावा. गॅस असेल म्हणत बसण्यात वेळ जातो.

आता जेवण. व्यायाम आधी की पथ्य आधी, हा प्रश्न हमखास येतो. याचं एक उत्तर बेहालाहून फार लांब नाही, हुगळीच्या पलीकडे हावडा जिल्ह्यात चेंगाईलला सापडतं. तिथल्या लडलो ज्यूट गिरणीत झाँ मायर, पूर्णिमा रॉय आणि कामाख्या प्रसाद मित्रा यांनी २१३ पुरुषांचं खाणं, वजन आणि कामाचे कष्ट मोजले आणि १९५६ साली निष्कर्ष छापले. गिरणीच्या बाजारात दिवसभर बसून असणारे गाळेवाले, कारकून आणि देखरेख करणारे एका टोकाला. कोळसा ओढणारे आणि गासड्या वाहणारे दुसऱ्या टोकाला. हलक्या कामापासून जड कामापर्यंत खाणं कष्टांच्या मापाने वाढत गेलं होतं आणि वजन मात्र जवळपास सारखं होतं. म्हणजे भूक आपलं काम चोख करत होती. पण बसून असणाऱ्यांचं गणित फिरलं होतं. त्यांचं खाणं सगळ्यात कमी असायला हवं होतं. प्रत्यक्षात ते हलकं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि वजनानेही भारी होते. हालचाल एका मर्यादेखाली गेली की भूक तिच्यामागोमाग खाली येत नाही, असा त्याचा अर्थ मायर यांनी लावला.

ही एकदाच केलेली मोजदाद होती. गाळेवाल्याच्या हाताशी पैसाही जास्त आणि खाणंही जवळ, हे कारण असू शकतं. त्यामुळे त्यावर सगळी इमारत उभी करू नये. तरी माझ्या मते आधी चालणं सुरू करावं आणि दोन आठवड्यांनी ताटाकडे वळावं. एकाच दिवशी दोन्ही बाजूंनी स्वतःला जखडलं की दोन्ही सुटतात. शिवाय चालायला लागलं की भूक वेळेवर लागते, आणि वेळेवर लागलेल्या भुकेला समजावता येतं.

त्या पहिल्या दोन आठवड्यांत वजनकाट्याचं फार मनावर घेऊ नका. यकृत आणि स्नायूंत साखर साठते, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलं जातं. भात, लुची आणि मिठाईच्या चार दिवसांनी काटा दीड-दोन किलो वर जातो, त्यातलं बरंचसं हे पाणी असतं. एक किलो चरबी चढायला जवळजवळ ७,७०० कॅलरी जादा खाव्या लागतात. त्यापेक्षा पोटाचा घेर मोजावा: भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांसाठी ८० ही धोक्याची रेघ आहे.

ताट बदलायला परक्या पदार्थांची गरज नाही. राष्ट्रीय पोषण संस्था अर्धं ताट भाज्या-फळांचं सांगते, आणि बंगाली दुपारचं जेवण मुळातच त्या क्रमाने येतं: आधी कारलं, कच्ची केळी, शेवगा घातलेलं शुक्तो, मग डाळ, मग माशाचा झोल, गोड अगदी शेवटी. भाजी आणि प्रथिनं आधी पोटात गेली तर नंतरच्या भाताने रक्तातली साखर कमी चढते, हे छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून शुक्तो जवळजवळ नुसतंच खावं, भात झोलाबरोबर घ्यावा, आणि तो एकदाच वाढून घेऊन भांडं आत ठेवावं. आमच्या मराठी घरांतली मटकीची उसळ आणि कोशिंबीर या ताटात छान बसते. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या कढईतली बेगुनी आणि चॉप हा इथला सगळ्यात अवघड मुक्काम. तिथे मी मुडी, म्हणजे चुरमुरे, सोडायला सांगणार नाही. चुरमुऱ्यांत भिजवलेले चणे, कांदा, काकडी, हिरवी मिरची आणि कच्च्या मोहरीच्या तेलाचे चार थेंब घाला. तळलेलं शनिवारी खा.

आणि एखादा दिवस चुकला तर? लंडनमध्ये सवयींवर झालेल्या, २०१० साली छापल्या गेलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला मध्यकानुसार ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ चा. पण एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. बिघडतं ते ‘मोडलंच आहे तर मोडू दे’ म्हणून पुढचे दहा दिवस सोडून दिल्याने. चुकलेल्या दिवसाची भरपाई दुसऱ्या दिवशी दुप्पट चालून करू नये. ठरलेलं एक स्थानक चालावं.

पुढच्या वर्षी विजयेच्या भेटी येणारच, आणि त्या टाळाव्यात असं मला मुळीच वाटत नाही. तेव्हा कमीत कमी किती धरून ठेवायचं, ते आताच ठरवता येतं. कमावलेलं बळ टिकवायला ते कमावण्यापेक्षा खूप कमी काम लागतं. तरुणांना आठवड्यातून एकदा नीट केलेला बळाचा व्यायाम महिनोन्‌महिने पुरतो. साठीपुढे दोनदा करावा. दम टिकवण्यासाठी आठवड्यात दोनदा तरी झपाझप चालावं. म्हणून दशमी ते भाईफोटा एवढ्या काळात खुर्चीच्या बैठका रविवारी सकाळी, आणि ज्या ओळखीच्या घरी विजयेला जायचं ते एका स्थानकाच्या अंतरावर असेल तर जाणं-येणं पायी. नारळाचा लाडू तिथे बसून खावा, दुसरा कागदात बांधून घ्यावा आणि घरी आल्यावर कुणाबरोबर तरी अर्धा वाटून घ्यावा.