गांजाचे पाकीट, त्यावरची चिठ्ठी आणि तिच्याबद्दलचे गैरसमज

नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आहे, दुसरा गुजरातमध्ये. सुरत–भुसावळ मार्गावर तिथून पूर्वेकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात चिंचपाड्याला पोचते. हद्द ओलांडली की कायदा बदलतो, हे या पट्ट्यातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. इकडे दुकानात मिळणारी दारूची बाटली तिकडे गुन्हा ठरते, हे तो लहानपणापासून ऐकत आलेला असतो. भांगेच्या बाबतीत मात्र गणित नेमके उलटे आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक असते. गुजरातने फेब्रुवारी २०१७ मध्ये आपल्या दारूबंदी कायद्यातल्या मादक द्रव्यांमधून भांग वगळली. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा परवान्याशिवाय भांग बाळगू देत नाही, विकू देत नाही आणि पिऊही देत नाही.

पहिला गैरसमज इथेच सुरू होतो. ‘भांग, गांजा, चरस सगळे एकच’, असे बहुतेकांना वाटते. झाड एकच आहे हे खरे, पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने, म्हणजे पोलिसांच्या आणि वकिलांच्या तोंडी असलेल्या ‘एनडीपीएस’ने, त्या झाडाचे भाग वेगळे केले आहेत. चरस म्हणजे झाडाची राळ. गांजा म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळे धरलेले शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पाने आणि बिया या व्याख्येत बसत नाहीत. भांग पानांची होते, म्हणून ती केंद्राच्या कायद्यातून सुटते आणि राज्यांच्या हाती जाते. मध्य प्रदेशात आणि राजस्थानात भांगेची परवानाधारक दुकाने आहेत, महाराष्ट्रात परवान्याशिवाय ती गुन्हा आहे, यामागचे कारण एवढेच.

दुसरा समज जास्त पसरलेला आहे. गांजाच्या पाकिटांवर लेबल, क्रमांक, साठ्याचा हिशेब या गोष्टी कॅनडा-अमेरिकेतल्या; आपल्याकडे बंदीच असल्यामुळे त्यांचा प्रश्नच येत नाही, असे लोक समजतात. प्रत्यक्षात भारतात गांजाच्या प्रत्येक पुड्याला क्रमांक असावा, त्याचे वजन लिहिलेले असावे आणि तो कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला हे सांगता यावे, असा कायद्याचा काटेकोर आग्रह आहे. फक्त ती जागा दुकान नाही, मुद्देमालाचे गोदाम आहे.

नवापूर ज्यात येते त्या नंदुरबार जिल्ह्याच्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्याच्या सातपुड्यालगतच्या भागात, गांजाच्या शेतीवर पोलिसांचे छापे वर्षानुवर्षे पडत आले आहेत. बातमीत इतके किलो, इतक्या लाखांचा माल एवढेच येते. त्यानंतर त्या मालाचे काय होते, हे बातमीत येत नाही आणि खटला टिकतो की कोसळतो ते बरेचदा त्याच भागात ठरते.

केंद्र सरकारने २३ डिसेंबर २०२२ रोजी जप्ती, साठवण, नमुने आणि विल्हेवाट यांचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले. त्याआधी १९८९ च्या स्थायी आदेशावर काम चाले. नव्या नियमांनुसार माल सापडला की पुड्यांची वर्गवारी करायची, इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करायचे आणि प्रत्येक पुड्याला अनुक्रमांक द्यायचा. सगळ्याची यादी ठरलेल्या नमुन्यात लिहायची आणि दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. नमुने दंडाधिकाऱ्यांच्या समोर काढायचे, तेही दुहेरी. गांजाचा प्रत्येक नमुना २४ ग्रॅमचा असतो. बहुतेक इतर पदार्थांना ५ ग्रॅम पुरतात. पुडे आकाराने, वजनाने आणि चाचणीत सारखे असतील, तर गांजाच्या ४० पर्यंत पुड्यांचा एक गट करता येतो. नमुना उष्णतेने बंद केलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत जातो, पिशवी कागदी पाकिटात आणि पाकीट मोहरेखाली. एकावर ‘मूळ’ अशी खूण, दुसऱ्यावर ‘प्रतिलिपी’. त्यावर पुड्याचा अनुक्रमांकही येतो, म्हणजे प्रयोगशाळेत तपासलेले २४ ग्रॅम गोदामातल्या कोणत्या गोणीतून आले ते सांगता येते.

या साऱ्या लिखापढीचा हेतू साधा आहे. शेतजमिनीचे पोटहिस्से पडले, तर सातबाऱ्यावर प्रत्येक हिश्श्याचा माग लागतो. तसा मुद्देमालाचा प्रत्येक तुकडा मूळ पुड्यापर्यंत मागे नेता आला पाहिजे. मधली एक नोंद हरवली, की समोरचा गांजा त्याच आरोपीकडे सापडलेला आहे हे सिद्ध करणे अवघड होते. निरपराध माणसाला अडकवणे सोपे होते आणि गुन्हेगाराला सुटणेही.

‘खटला संपेपर्यंत माल ठाण्यातच पडून राहतो’, हाही असाच एक समज. पूर्वी तसे घडत असे आणि काही ठिकाणी अजून घडते, पण कायद्याला ते मुळीच अपेक्षित नाही. कलम ५२-अ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांनी प्रमाणित केलेली यादी, छायाचित्रे आणि नमुने हाच प्राथमिक पुरावा मानला जातो, त्यामुळे उरलेला साठा खटल्याआधीच नष्ट करता येतो. गांजा नष्ट करायचा तो प्रदूषण नियंत्रणाची सोय असलेल्या भट्टीत, समितीच्या देखरेखीखाली. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०१६ च्या निकालात पोलिसांच्या मालखान्यांत साठलेल्या अमली पदार्थांबद्दल चिंता व्यक्त केली आणि योग्य गोदामे उभारायला सांगितले. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये मथुरेच्या न्यायालयात ठाण्यांमधला ५०० किलोंहून अधिक गांजा उंदरांनी फस्त केल्याचे सांगण्यात आले आणि न्यायालयाने त्याचा पुरावा मागितला. लोकांनी ती बातमी हसून सोडून दिली. ती हसण्यासारखी नव्हती. एवढा पुरावा नाहीसा होतो, तेव्हा त्याच्याशी जोडलेल्या प्रत्येक आरोपीचा आणि प्रत्येक प्रामाणिक तपास अधिकाऱ्याचा न्याय धोक्यात येतो.

याच्या दुसऱ्या टोकाचा समजही तितकाच चुकीचा आहे: चिठ्ठीत किंवा नमुन्यात चूक निघाली, की आरोपी सुटलाच. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ५२-अ पाळले नाही म्हणून काही प्रकरणांत शिक्षा रद्द केल्या, हे खरे. पण ६ जानेवारी २०२५ रोजी छत्तीसगडमधल्या एका गांजा प्रकरणात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले, की केवळ प्रक्रियेतल्या त्रुटीमुळे खटला आपोआप कोसळत नाही; बाकीचा पुरावा विश्वास बसण्याजोगा आहे का, हे पाहावे लागते. म्हणजे चूक महागात पडू शकते, पण ती सुटकेची हमी नाही.

आता वजनाबद्दल. चहाच्या टपरीवर हमखास ऐकू येणारे एक वाक्य आहे: ‘एक किलोपर्यंत चालतं.’ चालत नाही. एक किलोपेक्षा कमी गांजा ही कायद्याच्या भाषेत ‘अल्प मात्रा’ आहे आणि तिलाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. २० किलोपेक्षा जास्त झाला, की तो ‘व्यापारी मात्रा’ ठरतो. मग किमान १० वर्षे, कमाल २० वर्षे सक्तमजुरी आणि किमान एक लाख रुपये दंड. मधल्या मात्रेला १० वर्षांपर्यंत. या आकड्यांनी शिक्षेची पायरी ठरते. परवानगी त्यातल्या कुठल्याच आकड्याने मिळत नाही.

म्हणूनच गोणीवर लिहिलेले वजन आणि वर्णन यांना इतके महत्त्व आहे. वजन गोणीसकट की गोणी वगळून? ओल्या झाडांचे की वाळलेल्या मालाचे? त्यात देठ, पाने, मुळे किती आणि शेंडे किती? २० किलोच्या आसपासच्या प्रकरणात या प्रश्नांवर माणसाच्या आयुष्याची दहा वर्षे अवलंबून असतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका जामीन अर्जावर निर्णय देताना हाच मुद्दा विचारात घेतला होता: जप्तीच्या वेळी हिरवट, पानांसारखा पदार्थ अशी नोंद असेल आणि फुलोऱ्याच्या शेंड्यांचा उल्लेख नसेल, तर संपूर्ण वजन गांजाचे कसे धरायचे?

परदेशातल्या व्यवस्थेबद्दलच्या कल्पना तर चित्रपटातल्यासारख्या आहेत. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०१४ पासून प्रौढांना परवानाधारक दुकानातून गांजा विकत घेता येतो. तिथे ‘मेट्रक’ नावाची नोंदप्रणाली वापरली जाते. तीत झाडाला रेडिओ लहरींवर वाचता येणारी चिप असलेला बिल्ला लावला जात आला आहे, काढणीनंतर मालाच्या पॅकेजला वेगळा बिल्ला. हे ऐकून लोक समजतात, की सरकार प्रत्येक पाकिटावर उपग्रहातून नजर ठेवते. तसे काही नाही. तो बिल्ला जवळ धरलेल्या वाचकयंत्रालाच आपला क्रमांक सांगतो. शिवाय त्या प्रणालीत ‘पॅकेज’ म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातातली डबी असेलच असे नाही. एकाच क्रमांकाखाली शंभर डब्या असू शकतात. त्यातला काही माल वेगळा काढला, की त्याला नवा क्रमांक मिळतो आणि मूळ क्रमांकातून तेवढे वजन वजा होते.

यातला खरा फायदा पोलिसांपेक्षा गिऱ्हाइकाला आहे. चाचणीत बुरशी किंवा कीटकनाशक सापडले, की क्रमांकावरून नेमका तोच माल दुकानांतून परत बोलावता येतो. कोलोरॅडोत असे अनेकदा करावे लागले आहे. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ रोजी गांजा कायदेशीर केला तो वेगळ्या पद्धतीने. तिथे परवानाधारकांना साठ्याचा हिशेब दर महिन्याला द्यावा लागतो. पाकीट साधे, आकर्षक चित्रांशिवाय, लहान मुलांना सहज उघडता येणार नाही असे. त्यावर लाल रंगाचे ठरावीक चिन्ह, पिवळ्या चौकटीत आरोग्याचा इशारा आणि प्रांतानुसार वेगळ्या रंगाचा कराचा शिक्का.

या दोन्ही व्यवस्थांची एक मर्यादा मान्य करायला हवी. नोंदप्रणाली जे लिहिले जाते त्याचाच हिशेब देते. जे पीक कधी नोंदलेच गेले नाही, ते तिला दिसत नाही.

टोरंटोत किंवा डेन्व्हरमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना इथे सावध करायला हवे. तिथे रीतसर दुकानातून घेतलेले, शिक्का आणि क्रमांक असलेले पाकीट विमानाने भारतात आणणे हा सरळ सरळ आयातीचा गुन्हा आहे. कॅनडाच्या स्वतःच्या कायद्यानेही गांजा देशाबाहेर नेता येत नाही. मुलांनी पाठवलेल्या खाऊत गांजायुक्त गोळ्या किंवा चॉकलेट निघाले, तर पावती दाखवून सुटका होत नाही.

लेबल असले म्हणजे माल अधिकृत, हा समज भारतातही घातक ठरला आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये मध्य प्रदेशातल्या भिंड पोलिसांनी एक जाळे उघड केले. एका मोठ्या ऑनलाइन विक्री मंचावर स्टीव्हियाची, म्हणजे साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या गोड पानांची, नोंद करून आत गांजा पाठवला जात असल्याचा आरोप होता. पाकिटाला बारकोड होता, पोचवण्याचा माग होता, सगळे व्यवस्थित होते. आतला माल मात्र दुसराच.

मग भारतात या झाडापासून बनलेले काहीच कायदेशीर नाही का? आहे, आणि त्याची लेबले वाचता येणे उपयोगाचे आहे. आयुर्वेदात भांगेचे नाव विजया. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘ई-१’ अनुसूचीतल्या विषारी द्रव्यांमध्ये तिची गणना होते. त्यामुळे पोटात घ्यायच्या अशा औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ या अर्थाचा इशारा हिंदी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत ठळक छापणे नियम १६१ प्रमाणे बंधनकारक आहे. उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची खरी यादी, निर्मितीची तारीख हेही हवे. भांगेच्या बियांना अन्न म्हणून नोव्हेंबर २०२१ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मान्यता दिली. उत्तराखंडात धाग्यासाठी आणि बियांसाठी परवान्याने लागवड होते, पण त्या झाडात नशा आणणाऱ्या घटकाचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत असावे लागते. या कशाचाही अर्थ असा होत नाही, की सातपुड्याच्या उतारावर कोणी बियाणे आणून पेरावे. परवान्याविना लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे आणि ती भोगावी लागते बहुधा कसणाऱ्याला, माल उचलून नेणाऱ्याला क्वचितच.

चिंचपाडा, विसरवाडी, खांडबारा किंवा शिरपूरकडच्या एखाद्या पाड्यावरच्या माणसाचा या साऱ्याशी संबंध येण्याची सर्वांत मोठी शक्यता एकच असते: पोलीस किंवा उत्पादन शुल्क खाते त्याला पंच म्हणून बोलावते. जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचे चित्रीकरण कायद्याने आवश्यक झाले आहे, तरी चिठ्ठीवर सही अजून पंचाचीच लागते. ती सही करण्याआधी गोण्या मोजाव्यात, काट्यावरचा आकडा स्वतः पाहावा, चिठ्ठीवरचा क्रमांक आणि पंचनाम्यातला क्रमांक जुळतो का ते तपासावे. लिहिलेले वाचून दाखवा असे म्हणण्याचा पंचाला पूर्ण अधिकार आहे. कोऱ्या चिठ्ठीवर मात्र कोणीही, कोणाच्याही सांगण्यावरून, सही करू नये.