नाममुद्रा आणि कर्तृत्व

जुन्या बाडांतून अभंग उतरून घेणाऱ्यास ‘नामा म्हणे’ ही मुद्रा वारंवार भेटते. परंतु हा नामा कोणता? औंढा नागनाथ येथें विसोबा खेचरांकडून ज्यांस उपदेश झाला असें परंपरा सांगते, ते नरसीचे नामदेव, कीं ओवीबद्ध महाभारत रचणारा सोळाव्या शतकांतील विष्णुदास नामा? नकलकारांनीं दोघांची रचना एकाच गाथेंत मिसळली, आणि मुद्रा सारखी दिसली म्हणून कर्ताहि एकच मानला गेला. मुद्रा हा एक पुरावा होय. ती निर्णय नव्हे. हाच प्रश्न एका जगप्रसिद्ध युद्धचित्राविषयीं २०२५ सालीं उपस्थित झाला. त्याची छाननी पोथीसंग्राहकांस बोधप्रद वाटेल, म्हणून ती येथें देत आहों.

ता. ८ जून १९७२ रोजीं दक्षिण व्हिएतनाममधील त्रांग बांग येथें त्याच पक्षाच्या विमानानें चिकटून जळणाऱ्या नापामचे बाँब टाकले. वस्त्रें जळून गेलेली नऊ वर्षांची किम फुक आक्रोश करीत रस्त्यानें धांवत येत आहे, असें तें छायाचित्र. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनें तें निक उट यांच्या नांवें प्रसिद्ध केलें. १९७३ सालीं त्यास पुलित्झर पारितोषिक मिळालें. जानेवारी २०२५ मध्यें ‘द स्ट्रिंगर’ या माहितीपटानें असा पक्ष मांडला कीं, तें चित्र न्युएन थान न्घे या नैमित्तिक छायाचित्रकारानें टिपलें असून सायगाव येथील कचेरींत त्यावर उट यांचें नांव घातलें गेलें. त्या वेळीं त्या कचेरींत असलेले चित्रसंपादक कार्ल रॉबिन्सन यांची साक्ष हा या पक्षाचा मुख्य आधार होय. उट यांस हें सर्वथा अमान्य आहे.

साक्ष अर्धशतकानंतरची असल्यानें तिच्यावरच विसंबणें शक्य नव्हतें. तेव्हां त्या दिवसाचीं इतर चित्रें व चलच्चित्रें लावून कोण कोठें उभा होता, हें पाहण्यांत आलें. मूळ फिल्मवरून कॅमेऱ्याचाहि शोध घेतला गेला. उट हे लायका कॅमेऱ्याचें नांव सांगत आले. चित्र मात्र बहुधा पेन्टॅक्सवर घेतलेलें दिसलें. तरीहि नांव बदलण्याइतका निर्णायक पुरावा नाहीं, असें असोसिएटेड प्रेसनें मे २०२५ मध्यें ठरविलें. उलट ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ संस्थेनें ता. १६ मे रोजीं कर्त्याचा उल्लेख स्थगित केला. पारितोषिक मात्र चित्राकडे कायम ठेविलें.

एकाच पुराव्यावरून दोन संस्थांनीं दोन वाटा धरल्या, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. पहिलीनें रूढ नांव खोडण्यास सबळ प्रमाण मागितलें. दुसरीनें तें नांव ठेवण्यासहि प्रमाण मागितलें. गाथेच्या संपादकापुढें हाच पेंच असतो. त्यास फिल्मच्या जागीं कागद, अक्षरवळण, भाषा व नकलेचा शक हीं साधनें आहेत. १६०४ सालीं सिद्ध झालेल्या आदिग्रंथांत नामदेवांचीं ६१ पदें येतात, आणि भक्तासाठीं देऊळ फिरल्याचा प्रसंगहि त्यांत आहे. औंढ्यास हीच कथा सांगतात. परंतु त्या पदांत औंढ्याचें नांव नाहीं. जुनी पोथी जेवढें बोलते, तेवढेंच तिच्या पदरीं बांधावें.

तात्पर्य, सूची करतांना ‘मुद्रा’ व ‘कर्ता’ असे दोन रकाने निराळे ठेवावे. पहिल्यांत पोथींत आहे तें जसेंच्या तसें लिहावें. दुसरा पुरावा मिळेपर्यंत कोरा राहिला तरी चालेल. कोरा रकाना पुढील संशोधकास भरतां येतो. चुकीचें नांव एकदां रूढ झालें म्हणजे तें पुसणें कठीण जातें.