मुलांचे यकृत आणि अहवालातील एक कोडे

कर्जाचे खाते एका दिवसात बुडीत जात नाही. हप्ते आधी दोन-चार दिवस उशिरा येतात, मग एखादा हप्ता चुकतो. कागदोपत्री मात्र खाते नियमितच दिसत असते. ९० दिवसांची मुदत उलटून ते अनुत्पादक ठरते, तेव्हा कुठे सर्वांची धावपळ सुरू होते. मानवी शरीरातील यकृत या अवयवाची रीतही अशीच आहे. उजव्या बरगड्यांखाली निमूटपणे काम करणारे हे यकृत सहसा दुखत नाही, तक्रार करीत नाही. त्याच्या पेशींत साचत जाणारी चरबी वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही येत नाही. हा विकार पूर्वी चाळिशी ओलांडलेल्यांचा आणि मद्यपींचा समजला जाई. आज तो शाळकरी मुलांमध्ये आढळू लागला आहे, ही खरी चिंतेची बाब होय.

संस्कारधानीतील बदलते बालपण

नर्मदाकाठच्या जबलपूरला विनोबांनी ‘संस्कारधानी’ म्हटले. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून येथे मराठी माणसांचा वावर आहे. पुढे १९०४ साली सुरू झालेली गन कॅरेज फॅक्टरी, रेल्वे, न्यायालय आणि शाळा-महाविद्यालये यांच्या निमित्ताने अनेक मराठी घराणी येथे कायमची स्थिरावली. या घरांत दिवाळीच्या फराळाशेजारी जबलपूरची खोव्याची जिलेबीही सुखाने नांदते. सणासुदीच्या गोडधोडाने कोणाचे यकृत बिघडत नाही. बिघाड होतो तो रोजच्या सवयींनी. शाळेतून शिकवणी, शिकवणीतून घर आणि घरी मोबाईलचा पडदा. हातात शीतपेयाची बाटली किंवा वेफर्सचे पाकीट, असा आता अनेक मुलांचा दिनक्रम झाला आहे. सायंकाळचे मैदान त्यातून हळूहळू निसटले.

याच शहरापासून काही तासांच्या अंतरावर मंडला आणि दिंडोरी हे आदिवासीबहुल जिल्हे आहेत. तेथील बालकांचे कुपोषण आणि सिकलसेलसारखे आजार हे जबलपूरच्या आदिवासी आरोग्य संशोधन संस्थेच्या, १९८४ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या, अभ्यासाचे विषय राहिले आहेत. एकाच प्रदेशात अपुरे अन्न आणि अयोग्य अन्न असे दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी उभे आहेत.

पुण्याने दिलेले दोन धडे

मुलांच्या यकृताविषयी विचार करताना पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाची आठवण होणे अपरिहार्य आहे. एके काळी भारतात तान्ह्या व लहान मुलांना यकृताचा एक विचित्र विकार होत असे. यकृत दगडासारखे कठीण होई आणि बहुतेक मुले दगावत. ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ या नावाने तो जगभर ओळखला जाई. डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. टॅनर यांनी १९८३ साली त्याच्या एका संभाव्य कारणाकडे लक्ष वेधले. ते कारण स्वयंपाकघरात होते. कल्हई नसलेल्या पितळी व तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवलेल्या दुधात तांबे उतरत होते आणि बाळाच्या यकृतात साठत होते. घरोघरी स्टेनलेस स्टीलची भांडी आली, बाळाच्या आहाराविषयी जागृती झाली आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला.

दुसरा धडा डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाचा. पुण्याजवळच्या ६ खेड्यांतील मातांचा अभ्यास त्यांनी १९९३ पासून हाती घेतला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. भारतीय बाळाचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. वरून कृश, आतून मेदयुक्त अशी ही ठेवण. ‘आमचा मुलगा काही फार लठ्ठ नाही’ या समाधानावर विसंबून का राहू नये, याचे उत्तर येथे मिळते.

यकृताच्या ५ टक्क्यांहून अधिक पेशींत चरबी साठली की त्यास मेदयुक्त यकृत किंवा प्रचलित भाषेत ‘फॅटी लिव्हर’ म्हणतात. भारतातील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात मुलांमधील प्रमाण सुमारे ३५ टक्के निघाले. लठ्ठ मुलांत ते ६३ टक्क्यांच्या घरात, तर लठ्ठ नसलेल्या मुलांतही १२ टक्क्यांच्या आसपास होते. २०२३ साली तज्ज्ञांनी या विकाराच्या इंग्रजी नावातून मद्याचा उल्लेखच काढून टाकला आणि चयापचयाशी असलेला त्याचा संबंध नावात आणला. शाळकरी मुलाच्या कागदावर मद्याचा उल्लेख नसावा, हे कोणाही आईवडिलांना पटेल.

अहवालातील कोडे

आता एका प्रातिनिधिक प्रसंगाचा विचार करू. बारा वर्षांच्या, काहीशा स्थूल मुलीची काही कारणाने रक्ततपासणी होते. एसजीपीटी हे यकृताचे विकर वाढलेले आढळते. सोनोग्राफीत यकृतात चरबी दिसते. डॉक्टर आणखी काही तपासण्या सांगतात आणि अहवालात शब्द येतात, ‘एएनए पॉझिटिव्ह’. घरातील कोणीतरी अर्थ शोधून काढतो: शरीर स्वतःविरुद्धच लढते आहे! घरावर चिंतेचे सावट पसरते.

प्रतिपिंडे ही शरीराची संरक्षक फौज. बाहेरून आलेल्या जंतूंना ओळखून ती त्यांचा प्रतिकार करतात. कधी मात्र ही फौज स्वतःच्याच पेशींतील घटकांना परके समजते. अशा प्रतिपिंडांना स्वप्रतिपिंडे म्हणतात. ‘ऑटोइम्यून हिपॅटायटिस’ या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणा यकृतावरच हल्ला चढवते, आणि रक्तात एएनए, स्नायूविरोधी किंवा ‘एलकेएम-१’ नावाची स्वप्रतिपिंडे सापडतात. वेळेवर उपचार न झाल्यास हा आजार यकृत निकामी करू शकतो. उपचार सुरू झाल्यास बहुसंख्य मुले उत्तम प्रतिसाद देतात.

अडचण अशी, की हीच स्वप्रतिपिंडे केवळ मेदयुक्त यकृत असलेल्या व्यक्तींतही आढळतात. प्रौढ रुग्णांच्या अभ्यासांत साधारणतः पाचांपैकी एकाच्या रक्तात ती सापडली आहेत. मुलांतही ती दिसतात. इतकेच काय, काही निरोगी मुलांतही अल्प प्रमाणात असतात. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द निदान नव्हे; ती केवळ एक खूण आहे. परंतु तिच्याकडे दुर्लक्षही करता येत नाही. प्रौढांत किरकोळ मानले जाणारे प्रमाण, म्हणजे रक्तद्रव २० पट विरळ करूनही एएनए आढळणे, मुलांच्या बाबतीत अर्थपूर्ण ठरू शकते.

चूक दोन्ही बाजूंनी महागात पडते. फॅटी लिव्हरला ऑटोइम्यून समजून स्टेरॉइड दिले, तर भूक व वजन वाढते, साखर चढते आणि यकृतातील चरबीत भरच पडते. उलटपक्षी, ऑटोइम्यून आजाराला ‘वजन कमी करा, सर्व ठीक होईल’ असे सांगून घरी पाठवले, तर मौल्यवान काळ हातचा जातो. आणि कधी दोन्ही विकार एकाच मुलात असू शकतात.

म्हणून बालयकृततज्ज्ञ अनेक पुरावे एकत्र पाहतात. स्वप्रतिपिंडांची पातळी, रक्तातील ‘आयजीजी’ या प्रथिनाचे प्रमाण, कावीळ ‘ब’ व ‘क’ यांच्या चाचण्या, गव्हातील ग्लुटेनची असहिष्णुता आणि विल्सन विकार यांची तपासणी केली जाते. विल्सन विकारात जन्मजात दोषामुळे शरीरात तांबे साठते आणि तो हुबेहूब फॅटी लिव्हरसारखा दिसू शकतो. शंका उरलीच तर सुईने यकृताचा सूक्ष्म तुकडा काढून तपासतात. ‘बायोप्सी’ हा शब्द ऐकताच पालक कर्करोगाच्या भीतीने गांगरतात. येथे तिचा हेतू वेगळा असतो: चरबी आणि प्रतिकारयंत्रणेचा हल्ला यांतील भेद सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट व्हावा, एवढाच.

घरच्या घरी काय पाहावे?

मुलाच्या कमरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा अधिक असल्यास सावध व्हावे. मानेवर, काखेत मखमलीसारखा काळपट पट्टा दिसतो. पुष्कळ आया तो मळ समजून घासत राहतात. वस्तुतः ती इन्सुलिनचा प्रभाव कमी झाल्याची खूण असते. लठ्ठ मुलांची एसजीपीटी चाचणी ९ ते ११ वर्षांच्या दरम्यान करावी, असे २०१७ सालची अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मुलींत २२ आणि मुलांत २६ ही त्यांनी मानलेली वरची मर्यादा आहे. अनेक प्रयोगशाळांच्या छापील अहवालांत ती याहून बरीच अधिक असते. म्हणून ‘नॉर्मल’ लिहिलेला कागदही बालरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवावा.

मुलांच्या फॅटी लिव्हरवर खास मान्यता मिळालेले औषध अद्याप नाही. परंतु उपाय मात्र आहे. अमेरिकेत ११ ते १६ वर्षांच्या ४० मुलग्यांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांच्या आहारातून वरून घातलेली साखर ८ आठवडे जवळपास काढून टाकली, त्यांच्या यकृतातील चरबी सरासरी २५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आली. त्या मुलांना उपाशी ठेवले नव्हते. संपूर्ण कुटुंबाचा आहार बदलला होता, हे त्यातील मर्म. मुलाने शीतपेय सोडावे आणि वडिलांनी त्याच्यासमोर ते प्यावे, असे चालत नाही.

शासनानेही पावले उचलली आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात झाला. शाळेच्या प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत अतिगोड, अतिखारट व अतितेलकट पदार्थांच्या विक्रीवर २०२० च्या नियमांनी बंदी आली. सीबीएसईने २०२५ साली शाळांना साखरेविषयी माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले. पण फलक शाळेच्या भिंतीवर असतो आणि डबा घरून येतो.

पितळेच्या भांड्याला कल्हई करून घेणारी आजी आता घरोघर नाही. तिची ती दक्षता मात्र आजच्या स्वयंपाकघरालाही हवी आहे. मुलांच्या नावाने ठेवी उघडणाऱ्या, त्यांच्या शिक्षणासाठी वर्षानुवर्षे आवर्ती खात्यात रक्कम भरणाऱ्या पालकांना छोट्या, नियमित गुंतवणुकीचे मोल सांगावे लागत नाही. रोज एक तास मैदान, घरचा ताजा डबा, तहानेला पाणी आणि शंका येताच योग्य तज्ज्ञांचा सल्ला ही गुंतवणूकही त्याच जातीची आहे. सुदैवाने बालवयातील यकृतात स्वतःला सावरण्याची मोठी शक्ती असते. तिला वेळेवर साथ देणे मोठ्यांच्या हाती आहे.