शीत, दूध आणि खांब
लेखांक ७ : एकजिनसी

शितावरून भाताची परीक्षा कशी करायची, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. झाकण काढायचं, एक शीत घ्यायचं, बोटांत दाबायचं. माझी आजीही चार माणसांच्या भाताला एवढंच करायची. पण सत्यनारायणाला पन्नास पानं उठायची असली की कालथा पार तळापर्यंत घालून एक शीत खालचं, एक मधलं आणि एक कडेचं काढायची. मोठ्या पातेल्यात खाली लागतं आणि वर कच्चं राहतं, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हण एका शितावर भरवसा ठेवायला सांगते खरी, पण पातेलं सगळीकडे सारखं शिजलेलं असेल तरच तो भरवसा खरा ठरतो. ही जी अट आहे, तिलाच विज्ञान एकजिनसीपणा म्हणतं.

शब्द मोठा सुंदर आहे. 'जिन्नस' आपल्याकडे फारसीच्या वाटेनं अरबीतून आला. अरबी 'जिन्स' म्हणजे जात, प्रकार. आणि तो शब्द मूळचा ग्रीक 'गेनोस'. इंग्रजीतल्या 'होमोजीनियस'च्या पोटातही हाच 'गेनोस' आहे. म्हणजे आपला एकजिनसी हा होमोजीनियसचा नुसता प्रतिशब्द नाही, लांबचा भाऊच आहे. शाळेच्या पुस्तकात मुलं 'समांगी' आणि 'विषमांगी' शिकतात, स्वयंपाकघरात आपण 'एकजीव' म्हणतो.

सकाळी दारात पडणारी दुधाची पिशवी हातात घ्या. तिच्यावर 'होमोजिनाइज्ड' असं छापलेलं असतं. आठवीतल्या मुलाला विचारा, तो सांगेल की दूध हे विषमांगी मिश्रण आहे, कलिल आहे. दोघांचंही बरोबर आहे. साध्या दुधात स्निग्धाचे थेंब सरासरी तीन-चार मायक्रॉनचे असतात. ते हलके म्हणून वर येतात आणि साय धरते. डेअरीत हेच दूध मोठ्या दाबानं अगदी बारीक फटीतून काढतात, थेंब फुटून एका मायक्रॉनहूनही लहान होतात आणि वर यायचे थांबतात. ही युक्ती फ्रान्समधल्या ओग्युस्त गोलँची, १८९९ची. डोळ्यांना आणि चमच्याला ते दूध एकजिनसी. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की पुन्हा थेंब वेगळे, पाणी वेगळं. म्हणून 'हे एकजिनसी आहे का?' हा प्रश्न अर्धाच असतो. किती जवळून बघितल्यावर, हे त्याला जोडावंच लागतं. गावाकडच्या संकलन केंद्रावर फॅट मोजण्याआधी कॅनमधलं दूध नीट ढवळतात, मगच नमुना घेतात. वरवरचं घेतलं तर साय जास्त येईल, तळचं घेतलं तर कमी.

या प्रश्नाचं सगळ्यात मोठं रूप आकाशात आहे. आपल्याजवळ बघावं तर एकीकडे सूर्य आणि बाकी पोकळी. पण साधारण ३० कोटी प्रकाशवर्षांचं माप घेऊन बघितलं की विश्व सगळीकडे सारखंच दिसतं, असं विश्वशास्त्र धरून चालतं. डॉ. जयंत नारळीकरांनी फ्रेड हॉइल यांच्यासोबत ज्या स्थिर-स्थिती सिद्धांताची बाजू मांडली, त्यात तर विश्व जागेच्याच नव्हे, काळाच्याही हिशेबात एकजिनसी मानलं होतं. पुढे सापडलेल्या पुराव्यांनी काळाची ती अट टिकू दिली नाही. जागेची मात्र आजही उभी आहे.

आता आपल्या गावाकडे येऊ. डोंबिवली म्हटलं की दिवाळीच्या पहाटेचा फडके रोड आठवतो. नटलेली तरुण मुलं, ढोल-ताशे, गणपतीचं देऊळ. शिकलेल्या मराठी मध्यमवर्गाचं गाव, असं बाहेरचा माणूस ठरवून टाकतो. ते शीत खरंच आहे, मी त्याच भातातला आहे. पण २०११च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेत सुमारे साडेबारा लाख माणसं होती. त्यात आगरी-कोळ्यांची जुनी गावं आहेत, एमआयडीसीतल्या कामगारांच्या चाळी आहेत, खाडीकाठच्या वस्त्या आहेत, दक्षिणेतून आणि उत्तरेतून आलेली कुटुंबं आहेत. ठाण्याचंही तसंच. मासुंदा तलावाभोवतीच्या जुन्या गावात कौपिनेश्वराचं देऊळ, सेंट जॉन द बाप्टिस्टचं चर्च आणि बेने इस्राएलांचं १८७९चं प्रार्थनामंदिर थोड्या थोड्या अंतरावर आहेत. अशा शहराचा एक सरासरी आकडा काढला, समजा माणशी रोजचं पाणी, तर तो कुणाचाच नसतो. जलवाहिनीच्या तोंडाशी राहणाऱ्याला तो कमी वाटतो आणि शेवटच्या टोकाशी टँकरची वाट बघणाऱ्याला खोटा.

शहराचं जे होतं, तेच त्या शहरातल्या एकेका खांबाचंही होतं. हे मी आमच्याच सोसायटीत बघितलं.

तीस वर्षं उलटलेल्या इमारतीची संरचना तपासणी, म्हणजे आपल्या बोलीत स्ट्रक्चरल ऑडिट, महापालिका कायद्यानं बंधनकारक आहे. आमची इमारत त्या वयाची झाली तेव्हा पार्किंगमधल्या तीन खांबांचं प्लास्टर ठिकठिकाणी ताटलीएवढं खरवडलं गेलं. इंजिनिअर मुलीनं खांबाच्या दोन्ही बाजूंना ग्रीस लावलं आणि एका बाजूला पाठवणारं, दुसऱ्या बाजूला ऐकणारं असं डबीएवढं यंत्र दाबून धरलं. माणसाला ऐकू न येणारा ध्वनी खांबातून पलीकडे जायला किती वेळ लागतो, ते ती मोजत होती. काँक्रीट घट्ट आणि सलग असेल तर ध्वनी सरळ धावतो. आत पोकळी असेल तर त्याला वळसा पडतो आणि उशीर होतो. या चाचणीच्या १९९२च्या भारतीय मानकात तिचे उपयोग दिले होते आणि त्यातला पहिला होता, काँक्रीटचा एकजिनसीपणा ठरवणं. त्या मानकाच्या हिशेबात सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर वेग म्हणजे चांगलं, तीनच्या खाली म्हणजे शंकास्पद.

आमचे खांब नऊ इंची, म्हणजे २३० मिलिमीटर. बारा जागी मोजणी झाली. अकरा आकडे साठाच्या आसपास आले, साठ मायक्रोसेकंद. मधल्या खांबाच्या पायाशी मात्र ८६ आला. तिनं यंत्र पुसलं, ग्रीस पुन्हा लावलं, परत मोजलं. परत ८६. म्हणजे वेग तीनच्याही खाली.

पायाशीच का, हे तिनं समजावलं. इमारत बांधली तेव्हा खडी, रेती, सिमेंट घमेल्यांनी वर नेऊन दहा फुटांवरून साच्यात ओतत. वरून पडताना जड खडी आधी तळाला जाते, सिमेंटचा रस मागे राहतो. व्हायब्रेटर नीट फिरला नाही तर खडीखडीमध्ये मधाच्या पोळ्यासारख्या फटी राहतात. दीड मीटरपेक्षा उंचावरून काँक्रीट टाकू नये असं बांधकामाचं मानक सांगतं, ते याचसाठी. आणि नुसत्या फटींवर भागत नाही. तीच सळई वर घट्ट काँक्रीटमधून आणि खाली पोकळ काँक्रीटमधून जाते. एकाच लोखंडाच्या दोन टोकांना दोन तऱ्हेचा शेजार मिळतो आणि त्यांच्यात जणू बॅटरी तयार होते. पोकळ बाजूची सळई गंजत जाते, गंज फुगतो, काँक्रीट तडकतं.

संध्याकाळच्या सभेत एका काकांनी कॅल्क्युलेटरवर हिशेब केला. बारा आकड्यांची सरासरी बरोबर ६२ येत होती. वेग सेकंदाला ३.७ किलोमीटर. "म्हणजे इमारत 'चांगली'तच बसते की," ते म्हणाले. काका मनापासून बोलत होते. दुरुस्तीचा खर्च माणशी किती पडेल याची काळजी आम्हा सगळ्यांनाच होती.

"काका, वरचा भार सरासरी खांबावर नाही येत. ज्या त्या खांबावर येतो," ती म्हणाली. मग तिनं काँक्रीटचा गाभा कापून तपासण्याचा नियम सांगितला. तीन गाभ्यांची सरासरी ताकद ठरलेल्या ताकदीच्या किमान ८५ टक्के हवी, आणि शिवाय एकही गाभा ७५ टक्क्यांच्या खाली नको. हा 'एकही'च मला त्या नियमाचा जीव वाटतो. ज्यांनी तो लिहिला त्यांनी सरासरीच्या आड लपलेला खांब पाहिलेला असणार. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळ फाट्याजवळच्या लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत बांधता बांधताच कोसळली आणि ७४ जीव गेले. तिथे खांब तपासायची वेळसुद्धा आली नव्हती. आपल्या भागात राहणाऱ्या कुणालाच ती आठवण झटकून टाकता येत नाही.

पुढच्या महिन्यात त्या खांबाच्या पायाशी नळ्या रोवून सिमेंटचं ग्राउट भरलं. महिनाभरानं ती पुन्हा आली, त्याच ताटलीएवढ्या जागेवर ग्रीस लावलं. यंत्रावर आकडा स्थिरावला : ६५. तिनं तो खडूनं खांबावरच लिहिला, शेजारी तारीख टाकली आणि त्याच खांबावर वीतभर वर यंत्र लावून मोजायला सुरुवात केली.