करतो आणि करायलो

एके काळी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्याकडच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. २००० सालापासून तर राज्यातल्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. तरीही दहावीच्या मुलाचं पाऊल वर्तमानकाळात अडखळतंच. मला वाटतं, या कुलपाची अर्धी किल्ली मराठवाड्याच्या बोलीतच आहे.

मंडळी, आपण दोन निरनिराळे प्रश्न विचारतो. ‘तुझे वडील काय करतात?’ आणि ‘तुझे वडील काय करायलेत?’ पहिल्याचं उत्तर येतं, ‘शेती करतात.’ दुसऱ्याचं येतं, ‘जेवायलेत.’ शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा यात गल्लत करत नाही. इंग्रजीतही साधारण हाच भेद आहे. नेहमीची गोष्ट ‘करतो’ची, म्हणून ‘आय वर्क’. आत्ता किंवा सध्यापुरती चाललेली गोष्ट ‘करायलो’ची, म्हणून ‘आय ॲम वर्किंग’. आमच्या उर्दूतही ‘करता हूं’ आणि ‘कर रहा हूं’ असे दोन रस्ते आहेतच.

घोटाळा होतो तो ‘आहे’मुळे. वाक्यात ‘आहे’ दिसलं की मुलं ‘ॲम’ किंवा ‘इज’ घालतात आणि शेवटी ‘इंग’ जोडतात. मग ‘मला दोन भाऊ आहेत’ याचं ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ होतं. इथेही बोलीलाच विचारावं. ‘मला दोन भाऊ असायलेत’ असं कुणी म्हणतं का? नाही ना? मग ‘आय हॅव टू ब्रदर्स’. तसंच ‘मला माहीत आहे’ म्हणजे ‘आय नो’. असणं, माहीत असणं, हवं असणं या स्थिती आहेत. त्यांना सहसा ‘इंग’ लागत नाही. ‘आय ॲम हॅविंग टी’ मात्र चालतं, कारण ‘चहा घ्यायलो’ असं आपणही म्हणतोच.

आता तो हरवणारा ‘स’. मराठीत तो येतो, ती येते, ते येतात, अशी रूपं आपण सहज बदलतो. इंग्रजी इतकं मागत नाही. ‘ही’, ‘शी’, ‘इट’ किंवा एकाच माणसाचं नाव असलं की साध्या वर्तमानात क्रियापदाला फक्त ‘स’ जोडायचा: ‘शी वर्क्स’. प्रश्नात आणि नकारात तो ‘डज’मध्ये जातो: ‘डज शी वर्क?’, ‘शी डज नॉट वर्क’. एका क्रियेसाठी तो दोनदा नको.

एका ठिकाणी मात्र बोली साथ सोडते. ‘पाच वर्षांपासून शिकवायलो’ याचं ‘आय ॲम टीचिंग’ होत नाही. मागे सुरू होऊन आजही चालू असलेल्या कामाला ‘आय हॅव बीन टीचिंग फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणावं. मुदत सांगताना ‘फॉर’, सुरुवातीचं साल सांगताना ‘सिन्स’.

एवढ्याशा फरकाने काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. मंठा, परतूर भागातून दिवाळीच्या सुमारास टोळ्या मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. अशा घरातला मुलगा मुलाखतीत म्हणाला, ‘माय पेरेंट्स आर लिव्हिंग इन मंठा’, तर ऐकणाऱ्याला वाटेल, ही माणसं मंठ्यात तात्पुरती उतरली आहेत. त्याने म्हणावं, ‘माय पेरेंट्स लिव्ह इन मंठा. दे आर वर्किंग नियर सांगली धिस सीझन.’ घर कुठलं आणि मुक्काम कुठला, हे दोन वाक्यांत स्पष्ट होतं.

तेव्हा मुलांनो, रोज दोनच वाक्यं मोठ्याने म्हणा: एक ‘करतो’चं, एक ‘करायलो’चं. आणि आपल्या बोलीची लाज बाळगू नका. इंग्रजी शिकतानाही ती उपयोगी पडते.